डिंकिनेश आणि सेलम: एका जुळ्या लघुग्रहाचे प्रकरण

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रह पट्ट्याच्या आतल्या काठाजवळ, सूर्यापासून सरासरी २.१९ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर) अंतरावर, पाऊण किलोमीटरहूनही लहान असा डिंकिनेश नावाचा एक खडकाळ गोळा सव्वातीन वर्षांत एक प्रदक्षिणा या गतीने फिरतो आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सोकोरो येथे चालणाऱ्या ‘लिनिअर’ या शोधमोहिमेला तो ४ नोव्हेंबर १९९९ रोजी सापडला. त्याला आधी १९९९ व्हीडी५७ अशी तात्पुरती ओळख मिळाली आणि कक्षा पक्की झाल्यावर १५२८३० हा कायमचा क्रमांक मिळाला. अशा लाखो क्रमांकांच्या गर्दीत तो दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिला, आणि त्याच्याकडे मुद्दाम पाहावे असे कारणही तोवर कोणाजवळ नव्हते. आज मात्र छोट्या जुळ्या लघुग्रहांची घडण समजून घेऊ पाहणाऱ्या कोणालाही हे प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही.

या प्रकरणाचा गाभा ५२.६७ तास हा एक आकडा आहे. पृथ्वीवरून घेतलेली उजेडाच्या चढउताराच्या काळाची ही मोजणी अचूक होती, पण ती ज्या वस्तूची समजली गेली तिची ती नव्हतीच. पुढे यानाने जवळून एक अंतर मोजून दिले, तेव्हा त्याच आकड्याने या जोडीचे वजन करून दिले. हे कसे घडले, आणि वजन कळल्यावर या जोडीच्या जन्माबद्दल काय म्हणता येते, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

निवड

‘नासा’चे ‘लूसी’ हे यान १६ ऑक्टोबर २०२१ रोजी केप कॅनव्हरलहून निघाले. त्याचे मुख्य काम गुरूच्या कक्षेत गुरूच्या पुढे-मागे राहणाऱ्या ट्रोजन लघुग्रहांच्या भेटी घेणे हे आहे. वाटेत मुख्य पट्ट्यातील डोनाल्डजोहान्सन हा एकच लघुग्रह पाहायचा, असा मूळ बेत होता. फ्रान्समधील नीस वेधशाळेचे राफाएल मार्शल यांनी सुमारे ५ लाख लघुग्रहांच्या कक्षा यानाच्या मार्गाशी ताडून पाहिल्या, तेव्हा १५२८३० हा लघुग्रह यानापासून सुमारे ६४,००० किलोमीटरवरून जाणार असल्याचे आढळले. अंतराळाच्या हिशेबाने हे अंतर अगदीच किरकोळ. जानेवारी २०२३ मध्ये ही भेट मोहिमेत घालण्यात आली, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून यानाचा मार्ग थोडा थोडा वळवून भेटीचे अंतर ४३० किलोमीटरच्या आसपास आणण्यात आले.

ही भेट वैज्ञानिक कुतूहलापेक्षा तालीम म्हणून ठरली होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. लक्ष्याजवळून जाताना यानाने स्वतःच लक्ष्य शोधून त्यावर कॅमेरे रोखून धरावेत, अशी यंत्रणा लूसीवर आहे. पृथ्वीवरून निघालेला संदेश तेथे पोचायलाच इतकी मिनिटे लागतात की ऐन वेळी हाताने सुकाणू धरणे शक्य नसते. ही यंत्रणा ट्रोजनांपाशी पोचण्याआधी प्रत्यक्षात तपासून पाहावी, एवढाच प्रथम हेतू होता. नामकरणही त्याच सुमाराचे आहे. इथिओपियात १९७४ साली सापडलेल्या ज्या आदिमानवी सांगाड्यावरून यानाला लूसी हे नाव मिळाले, त्याच सांगाड्याचे इथिओपियन नाव डिंकिनेश. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते या लघुग्रहाला अधिकृतपणे देण्यात आले.

भेटीआधी काय माहीत होते

भेट ठरण्याच्या सुमारासच मोठ्या दुर्बिणी डिंकिनेशकडे वळल्या. वर्णपटावरून तो एस प्रकारचा, म्हणजे सिलिकेट खडकांचा, पट्ट्याच्या आतल्या भागात सर्रास आढळणारा लघुग्रह ठरला. तेजस्वितेवरून त्याचा व्यास एक किलोमीटरपेक्षा कमी असावा असा अंदाज बांधता आला. तेजस्वितेत होणारे चढउतार अनेक रात्री मोजल्यावर ते ५२.६७ तासांनी स्वतःची पुनरावृत्ती करतात असे दिसून आले, आणि त्या मोजणीतील अनिश्चितता अवघी ०.०४ तासांची होती.

लघुग्रह दुर्बिणीतून निव्वळ ठिपका म्हणून दिसतो. तो लांबट असेल तर फिरताना कधी आपली रुंद बाजू दाखवतो, कधी अरुंद, आणि त्याप्रमाणे ठिपक्याचा उजेड वाढतो व घटतो. म्हणून उजेडाची आवर्तने म्हणजे स्वतःभोवती फिरण्याचा काळ, असा अर्थ लावण्याची रीत आहे, आणि बहुतेक वेळा तो अर्थ बरोबरच असतो. त्या रीतीने डिंकिनेश हा दोन दिवसांहून अधिक काळात एक फेरी पूर्ण करणारा संथ लघुग्रह ठरला. हा निष्कर्ष घाईचा होता असे मला वाटत नाही. इतके लहान आणि इतके संथ लघुग्रह अपरिचित नाहीत, आणि सूर्यप्रकाशाचा जो परिणाम लहान लघुग्रहांना वेगाने फिरवू शकतो तोच त्यांना मंदही करू शकतो, हे आधीपासून माहीत होते. हाती असलेल्या पुराव्याचे ते सर्वांत साधे वाचन होते.

भेट जवळ येऊ लागली तसा यानाच्या कॅमेऱ्यातून दिसणारा उजेडाचा चढउतार पाहून मोहिमेतील शास्त्रज्ञांच्या मनात शंका येऊ लागली, की हा एकटा लघुग्रह नसावा. पण ती शंकेच्या पातळीवरच राहिली.

१ नोव्हेंबर २०२३

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार रात्री १० वाजून २४ मिनिटांनी लूसी डिंकिनेशपासून ४३१ किलोमीटरवर होते. सापेक्ष वेग सेकंदाला ४.५ किलोमीटर होता. म्हणजे लघुग्रहाच्या व्यासाएवढे अंतर यान सेकंदाच्या सहाव्या भागात कापत होते. सर्वांत जवळच्या क्षणी लक्ष्य यानाच्या दृष्टीने सेकंदाला सुमारे ०.६ अंश सरकत होते, आणि सर्वांत तीक्ष्ण कॅमेऱ्याच्या चौकटीची रुंदी अवघी ०.२९ अंश आहे. कॅमेरा स्थिर ठेवला असता तर डिंकिनेश अर्ध्या सेकंदात चौकटीबाहेर गेला असता. तो गेला नाही, तालीम यशस्वी झाली, आणि सर्वांत जवळच्या चित्रांत एक चित्रबिंदू साधारण दोन मीटरांचा भरला.

पहिली चित्रे पृथ्वीवर पोचली तेव्हा डिंकिनेशच्या कडेमागून एक छोटा गोळा बाहेर डोकावताना दिसला, आणि लघुग्रह जुळा असल्याचे दुसऱ्याच दिवशी जाहीर झाले. आरंभीच्या अंदाजात मोठ्याची रुंदी जास्तीत जास्त ७९० मीटर आणि छोट्याची २२० मीटर धरली होती. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर हे प्रकरण उल्लेखनीय खरे, पण नमुनेदारच म्हणावे लागले असते. लहान लघुग्रहांपैकी बऱ्याच जणांना उपग्रह असतात. इडा या मोठ्या लघुग्रहाचा डॅक्टिल हा उपग्रह गॅलिलिओ यानाने १९९३ सालीच टिपलेल्या चित्रांत सापडला होता, आणि ‘नासा’चे ‘डार्ट’ यान सप्टेंबर २०२२ मध्ये ज्यावर आदळवले गेले तो डिमॉर्फस हाही डिडिमॉस या सुमारे पाऊण किलोमीटरच्या लघुग्रहाचा उपग्रहच.

पुढच्या काही दिवसांत उरलेली चित्रे उतरली. सर्वांत जवळच्या क्षणानंतर सहा मिनिटांनी, सुमारे १,६०० किलोमीटरवरून, मागे वळून घेतलेल्या चित्रात छोटा गोळा एक नसून दोन असल्याचे स्पष्ट झाले: जवळजवळ सारख्या आकाराचे दोन गोलक एकमेकांना टेकलेले. पहिल्या चित्रांत एक गोलक दुसऱ्याच्या बरोबर मागे आल्यामुळे तो दिसलाच नव्हता. टेकून राहिलेल्या दोन भागांचे लघुग्रह आणि धूमकेतू याआधी पाहिले गेले होते, पण दुसऱ्या लघुग्रहाभोवती फिरणारी अशी जोडी खात्रीने दिसण्याची ही पहिलीच वेळ. नोव्हेंबर संपण्याआधीच तिला सेलम हे नाव मिळाले. तमिळनाडूतील शहराशी त्याचा संबंध नाही. इथिओपियात दिकिका येथे झेरेसेनाय आलेमसेगेद यांच्या चमूला २००० साली सापडलेल्या बालकाच्या जीवाश्माचे ते नाव आहे.

एकच आकडा, दुसरी वस्तू

भेट संपल्यावरही यान मागे वळून काही दिवस या जोडीचा उजेड मोजत राहिले. पृथ्वीवरून दिसणाऱ्या कोनापेक्षा वेगळ्या कोनातून आणि कितीतरी जवळून घेतलेल्या या मोजणीत दोन वेगवेगळी आवर्तने सुटी झाली. एक ३.७४ तासांचे आणि दुसरे साडेबावन्न तासांच्या आसपासचे. पहिले डिंकिनेशचे स्वतःभोवती फिरणे निघाले. दुसरे पृथ्वीवरून मिळालेल्या ५२.६७ तासांशी जुळणारे होते आणि ते सेलमचे निघाले.

सेलम आपल्या चंद्राप्रमाणे भरतीबलाने (जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील गुरुत्वाकर्षणाच्या ओढीतील फरकाने) जखडलेला आहे, म्हणजे डिंकिनेशभोवती एक फेरी आणि स्वतःभोवती एक फेरी तो एकाच वेळात पूर्ण करतो, आणि त्याच्या दोन गोलकांची रांग कायम डिंकिनेशच्या दिशेने रोखलेली असते. बाजूने पाहिले की दोन्ही गोलक दिसतात, रांगेच्या रेषेतून पाहिले की एकच दिसतो. व्यासांवरून हिशेब केला तर बाजूने दिसणारे सेलमचे क्षेत्रफळ सुमारे ७८,००० चौरस मीटर आणि टोकाकडून दिसणारे सुमारे ४३,००० चौरस मीटर येते. डिंकिनेशचे क्षेत्रफळ ४ लाख चौरस मीटरांच्या पुढे आहे, तरी फिरताना ते फारसे बदलत नाही, कारण तो विषुववृत्ताकडे जवळजवळ गोल आहे. एकूण उजेडाचा मोठा वाटा डिंकिनेशचा, पण उजेडातल्या बदलाचा मोठा वाटा सेलमचा, अशी ही विभागणी होती. ठिपक्यातली लय धाकट्याची होती आणि नोंद झाली थोरल्याच्या नावावर.

लघुग्रहांच्या सूचींमध्ये संथ म्हणून नोंदलेल्या एक-दीड किलोमीटरपर्यंतच्या सगळ्याच वस्तूंकडे या प्रकरणानंतर थोड्या संशयाने पाहिले पाहिजे, असे मला वाटते. त्यांपैकी कित्येक खरोखरच संथ असतील. पण थोरला गोल आणि धाकटा लांबट अशी जोडी असेल तर उजेडाचा आलेख धाकट्याचीच लय दाखवणार, आणि थोरल्याची लहान लय शोधायला मुद्दाम दाट अंतराने मोजण्या घ्याव्या लागणार. तीन-साडेतीन तासांचे हलके आवर्तन दोन दिवसांच्या मोठ्या आवर्तनावर स्वार झालेले असेल, तर रात्रीतून मोजक्या वेळा डोकावणाऱ्या सर्वेक्षणाला ते सापडत नाही.

वजन

जुळ्या लघुग्रहाचे सर्वांत मोठे देणे म्हणजे त्याचे वस्तुमान. एकट्या छोट्या लघुग्रहाजवळून यान सुसाट निघून गेले तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने यानाचा मार्ग इतका कमी वळतो की वजन कळत नाही. उपग्रह असेल तर केप्लरचा तिसरा नियम कामाला येतो: अंतराचा घन, भागिले काळाचा वर्ग, गुणिले ३९.४८ (म्हणजे पायच्या वर्गाची चौपट), भागिले गुरुत्वस्थिरांक. लूसीच्या चित्रांवरून दोघांच्या केंद्रांमधील अंतर ३.११ किलोमीटर ठरले. काळ ५२.६७ तास, म्हणजे १,८९,६१२ सेकंद. हा गुणाकार-भागाकार कोणालाही घरी करून पाहता येतो आणि उत्तर सुमारे ४.९५ गुणिले १० चा ११ वा घात किलोग्रॅम, म्हणजे ४९.५ कोटी टन येते.

आता आकारमान. डिंकिनेशचा परिणामी व्यास (तेवढ्याच आकारमानाच्या गोलाचा व्यास) सुमारे ७२० मीटर आणि सेलमच्या गोलकांचे व्यास सुमारे २१० व २३० मीटर आहेत. तिघांचे मिळून आकारमान सुमारे २०.६ कोटी घनमीटर होते, आणि सरासरी घनता घनमीटरला २,४०० किलोग्रॅम. लूसी मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ हॅरोल्ड लेव्हिसन यांच्या नेतृत्वाखालील चमूने मे २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधातही हीच घनता आहे, आणि तिची अनिश्चितता ३५० किलोग्रॅम दिली आहे. ही अनिश्चितता कोठून येते हे पाहणे उद्बोधक आहे. पृथ्वीवरून मोजलेला काळ हजारात एकाहून कमी चुकीचा आहे, तेव्हा त्याचा वर्ग केला तरी फारसे बिघडत नाही. अंतरात शेकडा दीड-दोन इतकी अनिश्चितता आहे आणि ती घनामुळे तिप्पट होते. सर्वांत मोठा वाटा मात्र आकारमानाचा आहे, कारण यानाने एकाच बाजूने जाताना पृष्ठभागाचा काही भागच उजेडात पाहिला आणि उरलेल्याचा आकार अंदाजाने पुरा करावा लागला. एक आकडा अचूक असून भागत नाही. गणित सर्वांत ढोबळ मापाइतकेच पक्के राहते.

एस प्रकारच्या लघुग्रहांचा माल सामान्य कॉन्ड्राइट प्रकारच्या उल्कापाषाणांसारखा असतो, हे जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इटोकावा या लघुग्रहावरून आणलेल्या कणांनी सिद्ध केले आहे. त्या पाषाणांची घनता ३,२०० ते ३,५०० किलोग्रॅमच्या आसपास असते. डिंकिनेशची २,४०० भरते, त्याअर्थी त्याच्या आकारमानाचा पावहून अधिक हिस्सा पोकळ असला पाहिजे. हा अखंड कातळ नव्हे. दगडधोंडे आणि चुरा गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेला ढिगारा आहे. ते गुरुत्वाकर्षण तरी केवढे? पृष्ठभागावर पृथ्वीच्या तुलनेत सुमारे चाळीस हजारांश. सत्तर किलोच्या माणसाचे वजन तेथे दोन ग्रॅमही भरणार नाही, आणि सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर वेगाने उसळी घेतली तरी तो परत खाली येणार नाही. सेलमचा कक्षेतला वेग तर सेकंदाला अवघा दहा सेंटिमीटर आहे.

वरंबा आणि चर

डिंकिनेशच्या चित्रांत दोन गोष्टी लगेच नजरेत भरतात. विषुववृत्ताभोवती एक ठळक वरंबा आहे, आणि त्याला आडवा जाणारा, रेखांशाच्या दिशेने उतरलेला एक लांब चर आहे. दोन्ही जेथे भेटतात तेथे वरंबा चरावरून जातो. भूशास्त्रातील साधा नियम असा की वर असलेले नंतरचे. म्हणून चर आधी पडला आणि वरंब्याचा माल त्यावर नंतर साचला, किंवा दोन्ही एकाच घटनेत पण याच क्रमाने घडले.

अशा घटनेला लागणारी शक्ती सूर्यप्रकाशातून येते. लघुग्रहाचा पृष्ठभाग ऊन शोषतो आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रकाशकणाबरोबर एक नगण्य धक्का मागे बसतो. आकार वेडावाकडा असेल तर हे धक्के एकमेकांना पुरते खोडून काढत नाहीत आणि थोडीशी पीळ शिल्लक राहते. यार्कोव्हस्की, ओकीफ, राड्झिएव्हस्की आणि पॅडॅक या चौघांच्या आद्याक्षरांवरून या परिणामाला ‘यॉर्प’ म्हणतात. त्याने फिरण्याचा वेग खरोखर बदलतो हे २००७ मध्ये प्रत्यक्ष मोजणीने सिद्ध झाले. पाच किलोमीटरहून मोठ्या वस्तूंवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही, पण पाऊण किलोमीटरच्या ढिगाऱ्याचे भवितव्य लाखो वर्षांत पालटून टाकण्यास तो पुरेसा आहे.

२,४०० किलोग्रॅम घनतेच्या गोल ढिगाऱ्याची विषुववृत्तावरची माती जागच्या जागी कोणत्या वेगापर्यंत टिकेल, याचाही हिशेब सोपा आहे: फेरीचा काळ २.१ तासांच्या खाली गेला की गुरुत्वाकर्षण पुरे पडत नाही. डिंकिनेश आज ३.७४ तासांत फिरतो, म्हणजे त्या मर्यादेपासून बराच दूर आहे. मग तो कधी फुटण्याइतका वेगात होता, असे कशावरून म्हणायचे?

याचे उत्तर कोनीय संवेगात, म्हणजे वस्तुमान, वेग आणि अंतर मिळून होणाऱ्या फिरण्याच्या मापात आहे. बाहेरचा पीळ वगळला तर एकूण कोनीय संवेग नाहीसा होत नाही. एकाचा कमी झाला तर दुसऱ्याचा वाढतो. वर दिलेल्या मापांवरून मी केलेल्या ढोबळ हिशेबात सेलमचे वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या सहा टक्क्यांहून कमी निघते, पण जोडीच्या एकूण कोनीय संवेगापैकी सुमारे दोन पंचमांश त्याच्या कक्षेत आहे. दोघांचा संवेग एकत्र करून तो एकाच गोळ्याला दिला, तर तो गोळा फुटण्याच्या मर्यादेच्या नऊ दशांशापर्यंत पोचतो. एखाद्या भटक्या तुकड्याला डिंकिनेशने पकडले असते, तर बेरीज नेमकी या मर्यादेजवळच यावी असे काही कारण नव्हते. ती तेथे येते, त्यावरून ही जोडी एकाच ढिगाऱ्यातून, वेग अनावर होऊन सुटलेल्या मालापासून बनली असावी, हा निष्कर्ष मला पटतो. लेव्हिसन यांच्या चमूचाही कल तोच आहे: यॉर्पमुळे वेग वाढला, शरीराचा एक भाग ढासळून चर पडला, सुटलेल्या मालापैकी काही विषुववृत्तावर परत बसून वरंबा झाला आणि उरलेल्यातून सेलम जमला.

र्‍युगू आणि बेनू या दोन लघुग्रहांनाही असेच विषुववृत्तीय वरंबे आहेत, पण उपग्रह नाहीत. वरंबा म्हणजे उपग्रहाची हमी नव्हे, एवढे त्यातून कळते.

वय

सेलमचे वय काढण्याचा एक प्रयत्न २०२४ मध्ये झाला, आणि त्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पृष्ठभागावरील विवरे मोजून वय सांगण्याची रूढ रीत बाजूला ठेवून कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी केवळ गतिशास्त्रावर भर दिला. डिंकिनेश सेलमच्या फेरीपेक्षा कितीतरी वेगाने फिरत असल्याने भरतीबल सेलमला हळूहळू बाहेर ढकलते. जखडलेल्या उपग्रहावर सूर्यप्रकाशाचा जो पीळ पडतो तो त्याची कक्षा आत किंवा बाहेर सरकवू शकतो. या दोन बलांच्या ओढाताणीतून आजची कक्षा तयार व्हायला किती काळ लागला असेल, याचे गणित केल्यावर सेलमचे वय बहुधा २० ते ३० लाख वर्षे आले. लूसीच्या सांगाड्याचे वय सुमारे ३२ लाख वर्षे आहे. हा निव्वळ योगायोग आहे, आणि सेलमच्या वयाचा आकडा अनेक गृहीतांवर उभा आहे, कारण ढिगाऱ्याचा आतला लवचीकपणा कोणी मोजलेला नाही. तरी सौरमालेच्या साडेचारशे कोटी वर्षांसमोर सेलम अगदी अलीकडचा ठरतो, एवढे मानायला हरकत नाही.

सेलमचे न सुटलेले कोडे

एवढे सगळे जुळून आले तरी सेलमला दोन गोलक का आहेत आणि ते जवळजवळ सारखेच का आहेत, हे त्यातून निघत नाही. सुटलेला माल कक्षेत जमून एक उपग्रह होतो, हे चित्र डिमॉर्फससाठी पुरे पडते. सेलमसाठी ते अपुरे आहे.

एक शक्यता अशी की एकाच घटनेतील मालापासून शेजारशेजारच्या कक्षांत दोन उपग्रह जमले आणि कालांतराने एकमेकांना टेकले. अशी टेकणी हळुवारच झाली असली पाहिजे. दोन्ही गोलकांचे परस्पर आकर्षण त्यांना जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने एकत्र आणते, आणि त्याहून फार जास्त वेगाने ते भेटले असते तर दोन वेगळे गोलक म्हणून टिकले नसते. त्यांचा एकच गोळा झाला असता किंवा चुरा उडाला असता. ढिगाऱ्यातून सुटलेल्या मालाच्या संगणकीय प्रतिकृतींमध्ये अशा मंद टकरी आणि त्यांतून होणारे लांबट, दुभागलेले उपग्रह आढळतात, ही या शक्यतेची जमेची बाजू. सारखेपणा मात्र त्यात आपोआप येत नाही. एक उपग्रह मोठा आणि बाकीचे चिल्लर, असाच निकाल अधिक अपेक्षित आहे.

दुसरी शक्यता अशी की डिंकिनेशचा वेग दोनदा मर्यादेपर्यंत गेला. पहिल्या खेपेला एक गोलक जमला आणि बाहेर सरकला. त्याने बराच संवेग नेल्यामुळे डिंकिनेश मंदावला, यॉर्पने त्याला पुन्हा वेग दिला, आणि दुसऱ्या खेपेला दुसरा गोलक जमून पहिल्याला जाऊन मिळाला. थोरल्याचे वस्तुमान, घनता आणि फुटण्याची मर्यादा दोन्ही वेळा जवळपास सारखीच असल्याने सुटणारा मालही सारखा असावा, म्हणून गोलकांचा सारखेपणा येथे अधिक सहज समजतो. अडचण निराळी आहे. पहिला उपग्रह कक्षेत असताना दुसऱ्या खेपेचा माल त्याच्यावरच साचण्याऐवजी स्वतंत्रपणे जमावा, यासाठी पहिला पुरेसा दूर असायला हवा, आणि मग दोघांना एकत्र आणायला कोणीतरी त्याला परत आत आणले पाहिजे. सूर्यप्रकाशाचा पीळ ते करू शकतो, पण त्याची दिशा त्याच वेळी आतल्या बाजूची असायला हवी.

माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे, कारण ती एका घटनेत भागते आणि वरंबा चरावर एकदाच चढलेला दिसतो. दोन खेपा झाल्या असत्या तर वरंब्यात दोन थर, किंवा चराच्या जोडीला दुसरी ढासळलेली जागा सापडायला हवी. अर्थात ती न दिसणे हा पुरावा नव्हे. डिंकिनेशची अंधारातली बाजू कोणी पाहिलेली नाही, आणि सेलमच्या दोन गोलकांमधील सांध्याचा बराच भागही चित्रांत सावलीतच होता. तेथे माल दाबला गेला आहे की नुसता टेकला आहे, हे कळले असते तर भेटीच्या वेळचा वेग ठरवता आला असता, आणि दोन शक्यतांपैकी निदान एकीला मोठा धक्का बसला असता. लूसी त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये पृथ्वीजवळून वेग घेऊन, एप्रिल २०२५ मध्ये डोनाल्डजोहान्सनला भेटून ट्रोजनांच्या वाटेला लागले आहे, आणि त्या वाटेवर डिंकिनेश पुन्हा येत नाही.